काय बघतोस ते सांग, मग पुस्तक सांगते

वाशीहून ठाण्याला परत येताना ट्रान्स हार्बरच्या गाडीत आमचा सात-आठ जणींचा ग्रुप असतो आणि तिथे मला दर पंधरा दिवसांनी एक प्रश्न हमखास येतो, "अगं वाचायला काहीतरी सुचव ना, पण कादंबरी नको, खरं काहीतरी पाहिजे." पूर्वी असं कोणी विचारलं की मी लगेच माझ्या आवडत्या पाच पुस्तकांची नावं व्हॉट्सॲपवर टाकायचे आणि बहुतेक वेळा पुढे काहीच व्हायचं नाही. मग एकदा मावसभावाचं झालं. त्याने 'स्कॅम १९९२' दोन रात्रीत संपवली होती, मला वाटलं याला आता शेअर बाजार, अर्थव्यवस्था असलं काहीतरी द्यावं, म्हणून बाजाराच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक दिलं. चार महिन्यांनी ते परत आलं तेव्हा खूण अकराव्या पानावर होती. मी विचारलं की सिरीजमध्ये तुला नक्की काय आवडलं रे, तर म्हणाला, "ती पत्रकार बाई. एकेक धागा पकडत जाते ना, ते." म्हणजे पैसा, बाजार हे त्याच्या डोक्यातच नव्हतं, कोणीतरी खणत खणत खरं बाहेर काढतंय हे त्याला बघायला आवडलं होतं. मग त्याला अनिल अवचटांचं 'गर्द' दिलं, ब्राऊन शुगरच्या व्यसनात अडकलेल्या माणसांमध्ये जाऊन, त्यांच्याशी बोलून लिहिलेलं. ते त्याने एका रविवारी वाचलं आणि सोमवारी सकाळी फोन, की या लेखकाचं अजून काय आहे.

तेव्हापासून पुस्तक सुचवायची माझी पद्धतच बदलली. ज्यांना कोणाला हे करून बघायचंय, घरच्यांसाठी, ऑफिसातल्या लोकांसाठी किंवा स्वतःसाठीच, त्यांच्यासाठी पायरीपायरीने लिहिते.

पहिली पायरी: "तुला काय वाचायला आवडतं" हे विचारू नका

कारण जो माणूस वाचत नाही त्याला याचं उत्तर माहीतच नसतं, मग तो ओशाळतो आणि "काहीही चालेल" म्हणतो. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. गेल्या महिन्यात रात्री जागून काय बघितलंस? त्यातला कुठला सीन परत लावून बघितलास किंवा दुसऱ्याला सांगितलास? आणि कुठे कंटाळून पुढे ढकललंस? हा तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत पण मला सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडतो. युद्धाचा सिनेमा आवडला असं सांगणारा माणूस जर लढाया पुढे ढकलून फक्त घरी पत्र लिहिण्याचे सीन बघत असेल, तर त्याला सैन्याच्या डावपेचांचं पुस्तक देऊन काही फायदा नाही, त्याला कोणाची तरी पत्रं, डायरी, आठवणी द्या.

उत्तरं ऐकताना मध्ये बोलू नका. लोक सिरीजबद्दल बोलायला लागले की खूप खरं बोलतात, पुस्तकांबद्दल बोलताना तसं होत नाही, तिथे सगळे जरा सावरून बसतात.

दुसरी पायरी: विषय बाजूला ठेवा, चस्का शोधा

सगळी गंमत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. एकच सिनेमा दहा जणांना दहा कारणांनी आवडतो. तुम्हाला ते कारण पकडायचंय.

खणून काढणाऱ्यांचा चस्का वर सांगितलाच. 'स्कॅम १९९२' ज्यावर बेतली ते सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांचं इंग्रजी पुस्तक आहेच, पण ते आकडे आणि बँकांचे व्यवहार पचवू शकणाऱ्यालाच द्या. 'स्कूप' आवडली असेल तर ती ज्या आठवणींवरून केली ते पत्रकार जिग्ना व्होरांचं पुस्तक द्या, भायखळ्याच्या तुरुंगातले दिवस आहेत त्यात. आणि ज्याला एका घोटाळ्यापेक्षा अख्ख्या जगाचा कारभार कसा चालतो यात रस आहे त्याला गिरीश कुबेरांचं 'हा तेल नावाचा इतिहास आहे' द्या, ते थरारक सिनेमासारखं पळतं.

आता 'फँड्री' आणि 'सैराट'. हे दोन्ही नागराज मंजुळेंचे म्हणून लोक एकाच खणात टाकतात पण बघणाऱ्यांचे चस्के वेगळे असतात. 'फँड्री'च्या शेवटी जब्या नावाचा मुलगा भिरकावतो तो दगड ज्याच्या मनातून जात नाही त्याच्यासाठी माझ्याकडे एकच उत्तर आहे, लक्ष्मण माने यांचं 'उपरा', १९८० चं. जब्याचं कुटुंब कैकाडी आहे आणि 'उपरा' हे कैकाडी समाजात जन्मलेल्या मुलाने स्वतः सांगितलेलं आयुष्य, गाढवांवर संसार लादून गावोगाव फिरणं, टोपल्या विणणं, आणि त्यातून शाळेत टिकून राहणं. सिनेमात जे दोन तासांत दिसलं त्याच्या मागचे पुढचे रस्ते इथे दिसतात. ज्याला गावापेक्षा मुंबईची वस्ती जास्त जवळची वाटेल त्याला दया पवारांचं 'बलुतं', १९७८ चं. त्यात लेखक स्वतःच्याच दुसऱ्या रूपाशी, दगडू मारुती पवारशी बोलतो, आणि कावाखान्याची वस्ती अशी उभी राहते की दक्षिण मुंबईतून जाताना नजर बदलते. आणि ज्या मैत्रिणीला सिनेमातल्या आया, बहिणी दिसल्या तिला ऊर्मिला पवारांचं 'आयदान'. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू, लेखिकेची आई त्या विणायची. आमच्या गाडीतल्या एकीने हे वाशी ते ठाणे असं जाता-येता तीन आठवड्यांत वाचलं आणि तिच्या सासूबाईंनाही दिलं, त्या रत्नागिरीकडच्या, त्यांना तर त्यातली भाषाच घरची वाटली.

या तिन्ही पुस्तकांबद्दल एक सांगते, ती "जड विषय" म्हणून घाबरवून देऊ नका. त्यात हसू आहे, भूक आहे, शाळेतल्या खोड्या आहेत. तुम्ही देताना चेहरा गंभीर केलात की समोरचा ती कपाटात ठेवून देतो.

ऐतिहासिक सिनेमावाले आपल्याकडे सगळ्यात जास्त. 'छावा' बघून आलेला प्रत्येक जण विचारतो की यातलं खरं किती. तो सिनेमा शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आहे हे आधी सांगा, मग ज्याला खरंच कागदपत्रांत शिरायचंय त्याला वा. सी. बेंद्रे यांचं 'छत्रपती संभाजी महाराज' सांगा, १९६० चं. ते मोठं आहे आणि वेळ मागतं, पण अनेक वर्षांच्या संशोधनातून झालेलं काम आहे आणि ज्याला प्रश्न खरोखर पडलाय त्याच्याकडून ते वाचून होतं. ज्याला किल्ले चढायची आवड आहे, दर पावसाळ्यात कर्नाळा, माहुली, पेब करणारे आपले ठाण्या-पनवेलचे ट्रेकर, त्यांना रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' द्या. छोटंसं आहे. किल्ला कसा राखावा, आरमार कसं ठेवावं, त्यासाठी झाडं तोडताना रयतेला त्रास होऊ नये म्हणून काय करावं, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय. भाषा जुनी आहे म्हणून टीपा असलेली आवृत्तीच घ्या.

आणि 'मणिकर्णिका' किंवा झाशीच्या राणीवरचं काहीही आवडलेल्यांसाठी माझं सगळ्यात लाडकं, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. हे गोडसे भटजी आपल्या इथलेच, पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज झालेलं, तिकडे मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी बातमी, म्हणून दक्षिणा मिळवायला १८५७ मध्ये निघाले आणि वाटेत बंडाच्या ऐन मध्यात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. एक साधा गरीब माणूस, लढाईशी काही संबंध नसलेला, जे बघतो ते सांगतोय, राणीचा दिनक्रम, शहरात पाण्याचे हाल, लूट, पळापळ. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये. पनवेलच्या पुढे कधी पेणला गेलात तर मला तरी दर वेळी मनात येतं की एवढ्या रस्त्यावरून तो माणूस चालत उत्तरेत गेला आणि परत आला.

शांत, हळुवार बघणारे लोक वेगळे. कोरियन ड्रामा, जपानी ॲनिमेशन, ज्यात भांडण कमी आणि जेवणाचे सीन जास्त. त्यांना 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणी, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलंय. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा आणि मुलाचं सगळं ऐकून घेणारे मुख्याध्यापक. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत, म्हणून इंग्रजी माध्यमातून शिकलेली आणि देवनागरी हळू वाचणारी आपल्याकडची जी पंचवीस-तिशीची पोरं आहेत त्यांच्यासाठी सुरुवात म्हणून याच्याइतकं चांगलं मला दुसरं सापडलेलं नाही. आणि त्याच हळुवार लोकांना नवरा-बायकोची जुगलबंदी आवडत असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. वडिलांचं सोवळ्याचं वेड, कधीही उठून कुठेही निघून जाणारा कवी नवरा, त्याचं ख्रिस्ती होणं, तिचं मोडून पडणं आणि मग स्वतःच्या डोक्याने विचार करत उभं राहणं. हे सगळं इतक्या सरळ बोलीत आहे की नव्वद वर्षांपूर्वीचं वाटत नाही. मी ते मोठ्याने वाचून दाखवलंय, ऐकणारे हसतात आणि मग एकदम गप्प होतात.

बाकीचे भरभर सांगते. जुन्या नट्यांच्या, लावणीच्या, पडद्यामागच्या गोष्टी आवडणाऱ्यांना हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका', श्याम बेनेगलांचा 'भूमिका' यावरूनच झाला. 'कट्यार काळजात घुसली' पाहून गाण्याकडे वळलेल्यांना नमिता देवीदयाल यांचं 'द म्युझिक रूम', धोंडूताई कुलकर्णींकडे गाणं शिकायला गेलेल्या मुलीची गोष्ट, त्यात केसरबाई केरकर भेटतात, ज्यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. 'इंटरस्टेलर'वाल्यांना जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. 'ओपनहायमर' ज्यावर आहे ते इंग्रजी चरित्र प्रचंड मोठं आहे, नवख्या माणसाला अजिबात देऊ नका, त्याला अच्युत गोडबोलेंचं 'किमयागार' द्या, त्यात एकेका शास्त्रज्ञाचं आयुष्य सुटं सुटं वाचता येतं. 'कोटा फॅक्टरी', 'पिचर्स' बघणाऱ्या महापे-ऐरोलीच्या आयटीतल्या मुलांना गोडबोलेंचंच आत्मचरित्र 'मुसाफिर'. सोलापूरचा मुलगा आयआयटीत जातो, मग शहाद्याला आदिवासींच्या चळवळीत आणि तुरुंगात, आणि पुढे सॉफ्टवेअर कंपन्या चालवतो. खाण्याच्या रील्स बघणाऱ्यांना शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म', मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजायचं आणि का शिजायचं, कृतींसकट. खाण्याच्या व्हिडिओत हे सहसा दिसत नाही.

तिसरी पायरी: मूड, म्हणजे त्या आठवड्यात अंगात किती जीव आहे

चस्का कळला तरी वेळ चुकली की पुस्तक वाया जातं. मी मूडचा विचार करताना एवढंच बघते की या माणसाला आत्ता आहे तसंच राहू द्यायचंय की थोडं हलवायचंय, आणि हे मी सरळ विचारते. "रडायचंय का डोकं शांत करायचंय?" असं विचारलं की लोक बरोबर सांगतात.

ऑफिसच्या कामाने पिळून निघालेल्या माणसाला प्रेरणा देणारं काही देऊ नका, त्याला अजून एक काम दिल्यासारखं होतं. त्याला अवचटांचं 'छंदांविषयी' द्या, ओरिगामी, लाकडात कोरणं, बासरी, एका माणसाने हाताला किती गोष्टी लावून घेतल्या ते. चिडलेल्या माणसाला, 'जय भीम' बघून मुठी आवळून बसलेल्याला, शांत करायला जाऊ नका, त्याला गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' द्या. ते आपल्याच जिल्ह्याचं पुस्तक आहे, निदान होतं, कारण तलासरी, डहाणू हा भाग २०१४ मध्ये पालघर जिल्हा होईपर्यंत ठाण्यातच होता. वेठबिगारी आणि लग्नगडी, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायची, हे सगळं वारली आदिवासींनी १९४५ मध्ये कसं झुगारलं त्याची हकीकत, जी बाई तिथे पायी फिरली तिनेच सांगितलेली. घोडबंदर रोडला राहणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, तो भाग इथून किती जवळ आहे.

दुःखात असलेल्यांबद्दल जपून. नेरूळला माझी मावशी राहते, काका गेले तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांत कोणीतरी तिला मृत्यू आणि दुःखावरचं पुस्तक आणून दिलं, चांगल्याच मनाने दिलं असणार, पण तिने ते उलटं करून ठेवलं होतं. मी चार महिने काहीच नेलं नाही. ती दोघं दर वर्षी सीवूड्सच्या तलावावर फ्लेमिंगो बघायला जायची आणि टीव्हीवर ती फक्त प्राण्यांच्या डॉक्युमेंटरी बघत बसायची एवढं मला माहीत होतं. मग मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' नेलं. वनखात्यात आयुष्य काढलेला माणूस, नवेगावबांधचं पाणी, पक्षी, जंगलात राहणारी माणसं. तिने विचारलं, "यात कोणी मरतं का?" मी म्हणाले, रानात मरतात तशी मरतात. तिने ते ठेवून घेतलं. नंतर त्याच लेखकाचं 'पक्षी जाय दिगंतरा' तिने स्वतः मागवलं.

आणि वाचायची जागासुद्धा मूडमध्ये धरा. गर्दीत एका हाताने कडी धरून उभं राहणाऱ्याला सातशे पानी पुस्तक सांगणं म्हणजे त्याचा खांदा दुखवणं. त्याला ऑडिओबुक, किंवा छोट्या प्रकरणांचं पातळ पुस्तक.

चौथी पायरी: विकत घ्यायला लावायच्या आधी दहा पानं वाचू द्या

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासून, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांनी पुढाकार घेऊन सुरू केलेलं, आणि माझ्या ओळखीतले अर्धे ठाणेकर तिथे एकदाही गेलेले नाहीत. वर लिहिलेली जुनी पुस्तकं शोधायला मी आधी तिथे जाते. ऐरोलीत सेक्टर १५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे, तिथे नुसतं बसून वाचायलाही बरं वाटतं, ऐरोलीत ऑफिस असणाऱ्यांनी एकदा जाऊन याच. जायच्या आधी वेळ बघून जा. आणि दोन पुस्तकं घेऊन समोरच्याच्या हातात द्या, दहा पानं याची, दहा त्याची, चहा पिताना. तो कुठलं खाली ठेवत नाही ते बघा.

पाचवी पायरी: देताना एकच वाक्य

"खूप भारी आहे, वाचच" हे वाक्य मी बंद केलंय, त्याने नुसतं दडपण येतं. त्याऐवजी त्याच्या सिनेमातून पुस्तकात जाणारं एक वाक्य सांगा. "तुला ती पत्रकार आवडली ना, हा माणूस तसंच करतो." एवढंच. प्रस्तावना सोडून दे असंही सांगा, आपल्याकडच्या प्रस्तावना लांब असतात आणि नवे वाचक तिथेच थकतात. चाळीस पानांत नाही जमलं तर परत दे, वाईट वाटणार नाही, हे आधीच बोलून टाका आणि खरंच वाईट वाटून घेऊ नका.

नंतर "वाचलंस का" विचारू नका, "कुठपर्यंत आलास" विचारा. परत आलेल्या पुस्तकात खूण कुठे आहे ते बघा. मी एक वही ठेवलीये, त्यात माणूस, काय बघतो, काय दिलं, कुठे थांबला, एवढंच लिहिते, आणि पुढचं पुस्तक त्या "कुठे थांबला" वरून ठरतं.

सध्या वहीत माझा भाचा अडकलाय. अकरावीत आहे, आयपीएल आणि ॲनिमे, बाकी काही नाही. त्याला 'आकाशाशी जडले नाते' दिलं होतं, खूण चाळिसाव्या पानावर. विचारलं तर म्हणाला, मावशी, छान आहे पण यात कोणी हरत नाही. हे मला आधी का नाही सुचलं, तो मॅचमध्येही हरणाऱ्या टीमचा चेहरा बघत बसतो. मागच्या शनिवारी तलावपाळीला बसून त्याला मी पळवणकर बाळूंबद्दल सांगितलं, रामचंद्र गुहांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड'मध्ये आहे ते. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाचं काम करणारा आणि त्यांना नेटमध्ये बॉलिंग टाकणारा चांभार समाजातला मुलगा, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ज्याने ११४ विकेट घेतल्या, आणि ज्याला स्वतःच्या संघातले लोक चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात बाहेर द्यायचे. कर्णधार त्याला कधीच केलं नाही. पोरगा पाणीपुरी खायचा थांबला. "मग त्याने काय केलं?"

मी म्हणाले, त्याच्या धाकट्या भावाचं काय झालं ते पण आहे पुढे, पुस्तक इंग्रजीत आहे, चालेल ना? या शनिवारी आणून देतेय.